अळंबीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली चमकतोय? आधी ती चमक कोणाची ते शोधा

गणपती उठले की आमच्या प्रयोगशाळेत अळंब्यांची रीघ लागते. कोणी आंब्याच्या ओंडक्यावरची आणतं, कोणी वारुळावरची, कोणी धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) पिशवीतली. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाची किल्ली माझ्याकडे असल्याने त्यातले निम्मे लोक माझ्या दारात येतात आणि म्हणतात, "सर, काहीही रंग न लावता चमकतंय. नैसर्गिक आहे!" गेली चौदा वर्षं हे ऐकतो आहे. दहातल्या आठ वेळा चमक अळंबीची नसते, आणि उरलेल्या दोन वेळा ती अळंबीची असली तरी सिद्ध करता येत नाही, कारण कोरी, म्हणजे नमुना नसलेली, स्लाइड कोणी बघितलेलीच नसते.

तक्रारी कशा येतात

- छेदाबरोबर मागचा भागही निळसर किंवा हिरवट उजळलेला, काळं कुठे दिसतच नाही.
- तंतूंच्या (ज्या बारीक धाग्यांनी अळंबी बनते त्यांच्या) भिंती पुस्तकातल्या फोटोसारख्या झगझगीत निळ्या.
- हिरव्या प्रकाशाच्या फिल्टरखाली सगळा छेद नारिंगी-तांबडा.
- पांढऱ्या गरात मधेच लालभडक ठिपके.
- कडेने हिरवट-पिवळी झाक, आणि ती हळूहळू पाण्यात पसरते.
- कुठलाही फिल्टर लावा, चमक तीच आणि तेवढीच.
- दोन मिनिटांपूर्वी चमकत होतं, फोटो काढायच्या वेळी गेलं.
- काहीच चमकत नाही, सगळा काळोख.

पुढच्या तपासण्या मी साधारण फुकटापासून महागाकडे अशा क्रमाने लिहिल्या आहेत. मी सांगत नाही तोवर मधली पायरी गाळू नका. इंजिनिअरला बोलावून, त्याचं जाण्यायेण्याचं भाडं भरून, शेवटी दोष कागदी रुमालात निघाला, असं आमच्याकडे झालेलं आहे.

आधी एवढं डोक्यात ठेवा

अळंबीच्या ऊतीला स्वतःची प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स, म्हणजे एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा सोडणं) असते, यात वाद नाही. प्रत्येक जिवंत पेशीत एनएडीएच नावाचं, ऊर्जेच्या कामातलं द्रव्य असतं. ते ३४० ते ३६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश घेतं आणि ४५०-४६०च्या आसपास निळा सोडतं. पेशीतलंच फ्लेविन ४५०च्या निळ्यावर जागं होतं आणि ५३०च्या जवळ हिरवं देतं. काही अळंब्यांत याखेरीज खास रंगद्रव्यं असतात. रसुलाच्या टोपीतल्या टेरिडिन गटातल्या द्रव्यांचा पाण्यात उतरवलेला अर्क निळा चमकतो, कॉर्टिनेरियसमध्ये अँथ्राक्विनोन नावाची रंगद्रव्यं असतात, आणि हायफोलोमा फॅसिक्युलारेवर अतिनील टॉर्च मारला की ती लिंबासारखी पिवळी-हिरवी दिसते. आपल्याकडच्या फणसांब्याचे, म्हणजे जुन्या फणसाच्या खोडावरच्या फेलिनसचे, पिवळे-तपकिरी पदार्थ हिस्पिडिन या पिवळ्या रंगद्रव्याच्या कुळातले. तेही उजळतात.

पण एनएडीएच आणि फ्लेविनची चमक फिकी असते. खोली अंधारी करून डोळे सरावल्यावर दिसते, कॅमेऱ्याला एखादा सेकंद उघडं राहावं लागतं. त्यामुळे साध्या धिंगरीचा पांढरा गर कोणी झगझगताना दाखवला की मी आधी त्याच्या चिमट्याकडे बघतो.

आणखी एक घोळ. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री कुजकं लाकूड हिरवट उजळतं, ते प्रकरण वेगळं. ती बुरशी रासायनिक क्रियेतून स्वतः प्रकाश तयार करते, त्याला जीवदीप्ती म्हणतात, बाहेरून काही पाडावं लागत नाही. प्रतिदीप्ती म्हणजे उसना प्रकाश. दिव्याचं शटर बंद केलं की ती त्याच क्षणी मेली पाहिजे. शटर बंद करूनही काही दिसत असेल तर जीवदीप्ती सापडल्याच्या आनंदात नाचू नका, खालचा हॅलोजन दिवा चालू राहिलेला असतो.

१. कोरी स्लाइड (खर्च शून्य)

नवी स्लाइड, नवी कव्हरस्लिप, मध्ये ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब. नमुना नाही. जो फिल्टर, जे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) आणि जेवढा एक्स्पोजर तुम्ही छेदासाठी वापरला, तोच इथे ठेवा आणि फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी लावा.

कोरी स्लाइडही तेवढीच उजळ असेल तर दोष नमुन्यात नाही. तो काच, तेल (भिंग आणि स्लाइड यांच्या मध्ये टाकतात ते), फिल्टर, दिवा किंवा कॅमेरा यांत आहे, दुसरी पायरी करून सरळ सातव्या पायरीवर जा. कोरी काळी आणि छेद उजळ असेल तर दोष किंवा शोध, जे काही आहे ते, छेदात आणि छेदाला लागलेल्या गोष्टींत आहे. अर्धी शोधाशोध या एका फोटोने वाचते. तरीही हा फोटो घेऊन आलेला विद्यार्थी मला वर्षात एखादाच भेटतो.

२. खोली आणि कॅमेरा (खर्च शून्य)

ट्यूबलाइट बंद. पडदे ओढा. खालचा दिवा नुसता कमी करू नका, बटणाने बंद करा. संगणकाचा पडदा स्टेजकडे, म्हणजे स्लाइड ठेवतो त्या जागेकडे, तोंड करून असेल तर वळवा, त्याची निळी झाक तेलाच्या थेंबावर पडते.

मग कॅमेऱ्याचा ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन (आपोआप उजळपणा वाढवणं) आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा. ऑटोवरच्या कॅमेऱ्याला काळोख सोसवत नाही. तो गेन वाढवत नेतो आणि नुसत्या खरखरीचा हिरवट-करडा फोटो काढून देतो. वर रंगही स्वतःच ठरवतो, त्यामुळे एकाच छेदाचा एक फोटो निळा आणि दुसरा पोपटी. एक्स्पोजर हाताने ठरवा, आकडा वहीत लिहा.

३. धागे, कागदी रुमाल आणि धुण्याची पावडर (खर्च: एक टॉर्च)

अतिनील टॉर्च घ्या, पण ३६५ नॅनोमीटरचा. बाजारात स्वस्तात मिळतो तो बहुतेक ३९५चा असतो, तो स्वतःच इतका जांभळा उजेड पाडतो की समोरचं सगळं जांभळं. टॉर्चमध्ये डोळा घालू नका, अतिनील अडवणारा चष्मा लावा. टॉर्च चालतो की नाही ते बघायला हळदीची चिमूट स्पिरिटमध्ये टाका, ते पिवळं-हिरवं पेटलं पाहिजे. टॉनिक वॉटर असेल तर त्यातल्या क्विनाइनमुळे ते निळं दिसतं. १८५२ साली भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने याच क्विनाइनवर प्रयोग करून या प्रकाराला नाव दिलं होतं.

आता तो टॉर्च अंधारात आपल्या टेबलावर फिरवा. पहिल्यांदा बघणारा हबकतोच. पांढरा एप्रन निळा पेटलेला, कागदी रुमाल निळा, शर्टाची कॉलर निळी, आणि टेबलभर बारीक निळे धागे. हेच धागे स्लाइडवर उतरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते लांब, सरळ, पिळदार, एकसारख्या जाडीचे दिसतात, त्यांना आडव्या भिंती नसतात. अळंबीच्या तंतूला आडव्या भिंती असतात, फाटे असतात, बऱ्याच जातींत जोडावर क्लॅम्प नावाची गाठ असते. एवढं बघितलं तरी निम्मे 'चमकणारे तंतू' कापूस निघतात.

धाग्यांचं हे सोपं. पावडरचं अवघड, कारण ती खऱ्या तंतूंना चमकवते.

कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत उजळक द्रव्यं घालतात. ती अतिनील प्रकाश घेऊन निळा सोडतात, त्यामुळे पिवळट सदरा पांढरा वाटतो. यातली बरीच स्टिलबिन कुळातली. आणि बुरशीच्या भिंतीतलं कायटिन उजळवायला आपण जो कॅल्कोफ्लोर व्हाइट वापरतो, तो याच कुळातला, मूळचा कापडधंद्यातलाच! म्हणजे स्लाइडी पावडरीच्या पाण्यात बुडवून, नळाखाली एकदा धरून वाळवल्या असतील तर काचेवर राहिलेला अंश छेदाच्या पाण्यात उतरतो, तंतूंच्या भिंतींना जाऊन चिकटतो, आणि कॅल्कोफ्लोर न लावता कॅल्कोफ्लोरचा फोटो मिळतो. भिंती निळ्या, आडपडदे जास्त निळे, आतला जीवद्रव्याचा भाग काळा.

एका वर्षी आमच्याकडे चार जणांचे छेद महिनाभर असेच सुंदर येत होते. मी स्वतः दोन आठवडे फसलो, हे कबूल करतो. शेवटी लक्षात आलं की बाटल्या-स्लाइडी धुणाऱ्या मावशींनी प्रयोगशाळेचा साबण संपला म्हणून घरून पावडर आणली होती. त्यांची काही चूक नव्हती, साबणाची मागणी तीन महिने कचेरीत पडून होती.

उपाय: या कामासाठी नव्या स्लाइडी वेगळ्या ठेवा. धुतलेल्याच वापरायच्या असतील तर उजळक नसलेला प्रयोगशाळेचा साबण, भरपूर पाणी, शेवटी ऊर्ध्वपातित पाणी आणि अल्कोहोल. पुसायला कागदी रुमाल नको, भिंगं पुसायचा कागद घ्या, आणि तोही आधी टॉर्चखाली बघा.

४. चिमटा, सुई, कुंचला, ड्रॉपर (खर्च: नवा कुंचला आणि नवं ब्लेड)

अळंबीवाल्यांच्या टेबलावर रंगाच्या दोन बाटल्या कायम उघड्या असतात, फ्लॉक्झिन आणि काँगो रेड. तंतू आणि सिस्टिडिया (गिल्सवरच्या मोठ्या, बीजाणू न देणाऱ्या पेशी) दिसायला दोन्ही उत्तम. आणि दोन्ही चमकतात. फ्लॉक्झिन फ्लुओरेसिनच्याच घराण्यातलं, हिरव्या प्रकाशात नारिंगी पेटतं. काँगो रेड भिंतीला चिकटल्यावर तांबडं. नुसत्या डोळ्याला गुलाबी झाक दिसणारही नाही इतका अंशही फ्लुओरेसन्सला पुरतो.

धिंगरीच्या गिल्सचे (टोपीखालच्या पातळ पडद्यांचे) छेद घेऊन एक मुलगी आली होती. हिरव्या फिल्टरखाली बेसिडिया (बीजाणू तयार करणाऱ्या पेशी) नारिंगी, मधला तंतूंचा भाग फिका. रंग लावला नव्हता, हे ती शपथेवर सांगत होती आणि खरंच सांगत होती. मी तिला स्वच्छ पाण्याचा एक थेंब कोऱ्या स्लाइडवर घ्यायला सांगितला आणि ज्या कुंचल्याने ती छेद उचलायची तो त्या थेंबात दोनदा बुडवायला लावला. वरून कव्हरस्लिप. हिरवा फिल्टर लावला तर थेंब कडेकडेने नारिंगी झळकत होता आणि कुंचल्याचा एक केस त्यात निखाऱ्यासारखा पडलेला. कुंचला आदल्या वर्षीच्या कोणाचा तरी होता, धुतलेला होता, दिसायला काळाशार होता. तिचं नवं रंगद्रव्य तिथेच संपलं.

हीच चाचणी प्रत्येक हत्याराची करा: पाण्याचा थेंब, त्यात हत्यार, वर कव्हरस्लिप, तीन फिल्टर (अतिनील, निळा, हिरवा). लाकडी मुठीच्या सुया आणि केसांचे कुंचले धुऊन सुटत नाहीत, नवे आणा. ब्लेड दर नमुन्याला नवं, त्याच्यावरचं तेलही अल्कोहोलने पुसून. ड्रॉपर रंगाचा वेगळा, पाण्याचा वेगळा. रंग लावायचं टेबलही वेगळं ठेवता आलं तर फारच छान.

५. कशात बुडवलाय? (खर्च जवळपास शून्य)

नैसर्गिक चमक बघायची तर पहिला माउंट साध्या ऊर्ध्वपातित पाण्यातच. सवयीने हात केओएचकडे (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाकडे) जातो, सुकलेला नमुना फुगवायला ते लागतंच. पण केओएचमुळे सामू बदलतो आणि रंगद्रव्यांचा रंग आणि चमक दोन्ही बदलतात. फेलिनससारख्या जातींत तर छेद त्यात काळाच पडतो. ओळखायला ही खूण उपयोगी, पण काळं पडलेलं ऊतक आतला उजेड आतच गिळतं. ताज्या फणसांब्याचा पाण्यातला छेद आणि केओएचमधला छेद शेजारी ठेवा, एकाच झाडावरचा आहे यावर विश्वास बसत नाही.

मेल्झर (आयोडीनचं द्रावण) लावलेल्या छेदात प्रतिदीप्ती शोधूच नका. आयोडीन ती विझवतं. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा निळा रंगही नको. त्याच्या नात्यातल्या अॅनिलिन ब्लूच्या बाजारी भुकटीत ग्लुकन या कर्बोदकाला चिकटून चमकणारा अंश मिसळलेला असतो, आणि बुरशीची भिंत ग्लुकननेच भरलेली. कव्हरस्लिपच्या कडेला लावलेलं नेलपॉलिशही चमकतं, कडेजवळ बघू नका.

६. छेदात अळंबीशिवाय काय आहे?

इथे पैसे लागत नाहीत, नजर लागते, आणि मला सगळ्यात जास्त मजा याच पायरीवर येते.

लाल ठिपके दिसले तर ते हरितद्रव्य. निळ्या प्रकाशात हरितद्रव्य गडद लाल चमकतं. कंसासारख्या वाढणाऱ्या जुन्या बुरशांच्या पाठीवर शेवाळं असतं, पावसाळ्यात तर हिरवा थरच. छेद घेताना ब्लेडबरोबर ते आत ओढलं जातं. खात्री करायला शेजारच्या पानाचा तुकडा त्याच फिल्टरखाली बघा, तोच लाल दिसेल.

निळे-पांढरे जाड काड्यांसारखे तुकडे म्हणजे लाकूड किंवा भाताचा पेंढा. त्यातलं लिग्निन छान चमकतं, अळंबीपेक्षा कितीतरी जास्त. धिंगरीच्या देठाचा तळ कापला तर पेंढा येणारच, म्हणून छेद टोपीच्या मधल्या गरातून घ्या. गोल, काटेरी, नक्षीदार, पिवळे-हिरवे दाणे दिसले तर परागकण असण्याची शक्यता मोठी. बीजाणू म्हणून त्यांची मापं घेतलेली मी पाहिली आहेत.

कडेने पसरणारी हिरवट-पिवळी झाक मात्र जपून बघा. लागवडीच्या अळंबीवर तपकिरी डाग पाडणारा स्यूडोमोनास टोलासी हा चमकणाऱ्या स्यूडोमोनासांपैकी एक. ही मंडळी पायोव्हर्डिन नावाचं पाण्यात विरघळणारं द्रव्य सोडतात. चमक पेशीत बांधलेली न राहता पाण्यात पसरत असेल आणि टोपीवर ओलसर तपकिरी डाग असेल, तर तुम्ही अळंबी नव्हे, तिचा रोग बघताय. ताजी, डाग नसलेली टोपी घ्या आणि पुन्हा करा.

नमुना फॉर्मॅलिनमधला असेल तर आशा सोडा. फॉर्मॅलिन प्रथिनांना बांधतं आणि त्यातून सगळीकडे पसरलेली चमक येते, ग्लुटराल्डिहाइड तर त्याहून वाईट. म्हणूनच अशा छेदात तिन्ही फिल्टरांखाली 'सारखीच' चमक दिसते. मेलेल्या, तपकिरी झालेल्या पेशीही उजळतात. ताजा नमुना, तोडल्यापासून काही तासांत, फ्रिजमध्ये कागदी पाकिटात ठेवलेला. प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन जिवाणू माजतात.

आणि छेद पातळ हवा. जाड छेदात वरच्या-खालच्या थरांचा उजेड मिसळतो आणि सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. भेंडाच्या गरात धरून ब्लेडने कापलेले वीस छेद पाण्यात सोडा, त्यातला सर्वांत पारदर्शक तरंगणारा तुकडा उचला.

७. तेल आणि भिंगं (खर्च: कमी चमकणाऱ्या तेलाची बाटली)

शंभरपट मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हखालीच पार्श्वभूमी उजळते आणि चाळीसखाली नाही? मग तेल. जुन्या कपाटांत सीडरवुड तेलाच्या बाटल्या अजून निघतात. ते पिवळं पडतं, घट्ट होतं आणि स्वतःच चमकतं. कोऱ्या स्लाइडवर एक थेंब टाका आणि अतिनील टॉर्च मारा, उत्तर दोन सेकंदांत. फ्लुओरेसन्ससाठी बनवलेलं तेल घ्या आणि दोन तेलं मिसळू देऊ नका.

चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हच्या टोकाला कोणाचं तरी तेल लागलेलं असतंच. भिंगाच्या कागदाला जरासं सफाईचं द्रावण लावून, न घासता, एकाच दिशेने पुसा.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक गंमत होते. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके फाटे दिसले तर बुरशी बघायच्या यंत्रालाच बुरशी लागलीय! बाहेरून पुसून ती जात नाही. ऑब्जेक्टिव्ह उघडू नका. आतल्या भिंगांमधलं अंतर हाताने परत जुळत नाही. हे काम दुरुस्तीवाल्याचं. तोवर उरलेली ऑब्जेक्टिव्हं सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि जेल गुलाबी झालं की तापवून निळं करा.

काळोखाची तक्रार असेल तर इथेच बघा: शटर उघडं आहे का, फील्ड डायफ्रॅम (प्रकाशाचं वर्तुळ लहान-मोठं करणारी झापड) मिटलेला तर नाही, क्यूबचं (ज्या डबीत फिल्टर बसवलेले असतात तिचं) चाक दोन खाचांच्या मध्ये अडकलेलं तर नाही. हसू नका, मी स्वतः वीस मिनिटं घालवली आहेत. साधी ऑब्जेक्टिव्हं अतिनील प्रकाश बराचसा अडवतात, फ्लुओरेसन्ससाठीची आरपार सोडतात. काळपट, मेलॅनिन भरलेल्या ऊतीत चमक शोधत असाल तर तिथला काळोख खरा आहे.

८. फिल्टर

तीन क्यूब बहुतेक ठिकाणी असतात. अतिनीलचा, साधारण ३३० ते ३८५ आत सोडणारा आणि ४२०च्या पुढचं दाखवणारा. निळ्याचा, ४५० ते ४८० आत आणि ५१५च्या पुढचं बाहेर. हिरव्याचा, ५१० ते ५५० आत आणि ५९०च्या पुढचं बाहेर. आकडे क्यूबवर किंवा माहितीपत्रकात असतात, ते वहीत उतरवा. हिरव्याच्या क्यूबखाली सगळं तांबडंच दिसणार, कारण दुसरा रंग डोळ्यापर्यंत पोचूच दिला जात नाही. 'लाल चमकतं' म्हणजे लाल रंगद्रव्य, असा अर्थ काढू नका.

दिवा एलईडीचा असेल तर तो कुठल्या तरंगलांबीचा ते आधी बघा. नुसता ४७०चा एलईडी आणि समोर अतिनीलचा क्यूब, अशी जोडी लावून लोक तासभर अंधार बघत बसतात.

फिल्टरमधून मूळचा प्रकाशच गळतोय का, ते बघायला स्फटिक कामी येतात. इनोसायबीसारख्या जातींत सिस्टिडियाच्या डोक्यावर कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे असतात. ते आलेला प्रकाश उधळतात. चांगला फिल्टर तो उधळलेला प्रकाश पूर्ण अडवतो आणि खडे काळे राहतात. खडे चमकले, आणि तेही आत सोडलेल्या प्रकाशाच्याच रंगात, तर गळती आहे. खडू किंवा मिठाच्या कणावरही हे बघता येतं. जुन्या क्यूबमधला लेप कडेने सुटतो, फोड येतात, फिल्टर उजेडासमोर धरला की डाग दिसतात. क्यूब बाहेर काढून बघायला हरकत नाही, मात्र दिवा बंद करून, हातमोजे घालून. त्यातला आरसा पुसायला जाऊ नका. त्याचा लेप बोटाच्या एका पुसण्याने जातो.

९. जाणारी चमक

फोटोच्या वेळी चमक गेली, यात बहुतेक वेळा बिघाड नसतो. प्रकाश पडत राहिला की चमकणारे रेणू मोडतात. आधी पांढऱ्या प्रकाशात फोकस करा, एक्स्पोजर ठरवा, मग शटर उघडा, फोटो, शटर बंद. आम्ही याचाच उपयोग करून घेतो. फील्ड डायफ्रॅम मिटून छेदाचा अर्धाच भाग पाच मिनिटं उजेडात ठेवतो, मग डायफ्रॅम उघडून बघतो. उजेड खाल्लेला भाग फिका पडला तर चमक तिथे बांधलेल्या रेणूंची आहे. काहीच फरक नसेल तर उधळलेला किंवा गळलेला प्रकाश असण्याची शंका घ्यावी.

इथे थांबा आणि फोन करा

पाऱ्याच्या दिव्याशी खेळू नका. शंभर वॉटच्या बर्नरचं (दिव्यातल्या बल्बचं) आयुष्य साधारण २०० ते ३०० तासांचं. तासांचा काटा त्यापुढे गेला असेल, प्रकाश थरथरत असेल, भिंगातून दिसणाऱ्या वर्तुळाची एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी असेल, तर बर्नर बदलायची किंवा मध्यावर आणायची वेळ आलीय. शिकलेल्या माणसाशिवाय दिव्याची पेटी उघडू नका. आत दाब असतो, काच बोटाच्या तेलाने डागाळते आणि तापल्यावर तिथेच तडकते. आयुष्य संपल्यावरही वापरलेला बर्नर फुटू शकतो. फुटलाच तर खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, वीज बाहेरच्या बटणाने बंद करा आणि झाडू लावू नका, पाऱ्याचे कण पसरतात. जुना बर्नर कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. पेटवल्यावर अर्धा तास बंद न करणं आणि बंद केल्यावर अर्धा तास परत न पेटवणं, एवढं पाळलं तरी तो बरा टिकतो.

कुठलीही सुरक्षेची झडप किंवा अतिनील अडवणारी नारिंगी पट्टी 'जरा नीट दिसावं' म्हणून काढू नका. फिल्टरशिवाय आयपीसमध्ये बघणं म्हणजे डोळा गमावणं.

इंजिनिअरला फोन करताना हाताशी ठेवा: कोऱ्या स्लाइडचे तिन्ही फिल्टरांखालचे फोटो, एक्स्पोजरचे आकडे, दिव्याचे तास, आणि तेल बदलून काय फरक पडला. 'चमकतंय' एवढंच सांगितलं तर तो क्यूब बदलायचं अंदाजपत्रक पाठवतो.

आणि वरचं सगळं करूनही कोरी स्लाइड काळी, हत्यारं काळी, पाण्यातला ताजा पातळ छेद उजळ, तीन वेगवेगळ्या अळंब्यांत त्याच जागी उजळ, उजेड खाल्ल्यावर फिका? मग ती चमक अळंबीची मानायला हरकत नाही. पण कुठल्या द्रव्याची, हे आपल्या यंत्रावर ठरत नाही. डोळ्याला दिसणाऱ्या रंगावरून रंगद्रव्याचं नाव लिहू नका. त्यासाठी प्रकाशाचा पूर्ण वर्णपट घेणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लागतो आणि पदार्थ वेगळा करून देणारा रसायनवाला. तिकडे पाठवताना ताजी अळंबी बर्फावर, सोबत सुकवलेला जोड नमुना, बीजाणूंचा ठसा आणि कोऱ्या स्लाइडचा तो फोटो. ती मुलगी, कुंचलावाली, दोन वर्षांनी फणसांब्याचे छेद घेऊन आली तेव्हा तिने पाकिटातून सगळ्यात आधी कोरी स्लाइड काढून माझ्यापुढे ठेवली.